दोन क्विंटल कापसाची पदवी

माझ्या बी.ए.चा खर्च बाबांनी कधी रुपयांत सांगितला नाही. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "वर्षाचे दोन क्विंटल." दोन क्विंटल म्हणजे कापूस. १९८३ ते १९८६ ही माझी कॉलेजची तीन वर्षं. तेव्हा चांगल्या कापसाचा भाव क्विंटलला पाचशे-साडेपाचशेच्या आसपास असायचा. एसटीचा पास, परीक्षा फी, पुस्तकं, वह्या, वर्षाला कपड्यांचे दोन जोड, चपला, आणि नाल्याला पूर येऊन गाडी अडली की उमरखेडला ज्यांच्याकडे मुक्काम करायचा त्यांच्या घरी पोचवायची पायलीभर ज्वारी, असं सगळं धरून हजाराच्या घरात जायचं. आमच्या कोरडवाहू रानात एकरी दोन-अडीच क्विंटल कापूस निघायचा. म्हणजे दर वर्षी एका एकराचं पीक माझ्या नावावर जमा होत होतं. लांबट आकाराची, लाल कापडी पाठीची बाबांची वही अजून माझ्या कपाटात आहे. कोपरे उंदरांनी कुरतडले, पण शाई टिकली.

यंदा भाचीनं बारावी केली. निकाल लागल्यावर तिनं विचारलं, "मावशी, बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं तर मिळते काय?" मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून काम केलं आणि ती नोकरी मला समाजशास्त्रामुळेच मिळाली. तरी तिला पटकन "घे" म्हणायला जीभ रेटली नाही. म्हणून वही काढली. तिला सांगता सांगता जे जुळत गेलं ते इथं लिहिते आहे. तालुक्याच्या गावात या पदवीची किंमत कशी ठरली, कमाई कशी ठरली, हे कुणीतरी मांडायला हवं.

उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेच्या टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. जिल्ह्याचं ठिकाण दूर आणि नांदेड जवळ, त्यामुळे आमची बाजारहाट, दवाखाने, सोयरिकी नदीच्या दोन्ही अंगांना. कागदपत्रं मात्र विदर्भाची. आमच्या आधी शिकलेल्या मुलींच्या गुणपत्रिकेवर नागपूर विद्यापीठाचं नाव असायचं. ते विद्यापीठ १९२३चं. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ला सुरू झालं आणि त्याच पावसाळ्यात मी उमरखेडच्या गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालयात नाव घातलं. आमचं गाव ढाणकीच्या रस्त्यानं आत. सकाळची गाडी चुकली की दिवस गेला.

वहीत सगळ्यात आधी डोळ्यांत भरते ती तारीख. फीच्या नोंदी जून-जुलैतल्या आहेत. कापूस निघायचा दिवाळीपासून पुढं. तेव्हा राज्यात एकाधिकार खरेदी योजना होती, १९७२ला सुरू झालेली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा आणि चुकारा तुकड्यातुकड्यांनी यायचा. पहिल्या चुकाऱ्यात दुकानदाराची उधारी फिटायची, दुसऱ्यात सोसायटी. जून उजाडेपर्यंत घरात रोकड राहायची नाही, आणि नेमकं तेव्हाच बियाणं, खत आणि माझी फी अशी तिन्ही तोंडं एकदम उघडायची. म्हणून माझ्या फीच्या प्रत्येक आकड्यापुढं बाबांच्या अक्षरात एकच शब्द आहे: उसने. आमच्याकडे उसनं म्हणजे सवाईनं किंवा दिढीनं. साठ रुपये आणले की सुगीला नव्वद फेडायचे. कॉलेजच्या पावतीवर साठच दिसायचे, वरचे तीस कुठल्याच पावतीवर नव्हते. शिक्षण स्वस्त होतं असं त्या काळाबद्दल म्हणतात तेव्हा मला ते तीस रुपये आठवतात.

शिकवणी फी माफ होती हे खरं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९मध्ये, ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ९०० रुपयांच्या आत आहे त्या घरातल्या मुलांची फी माफ करायचा निर्णय झाला. पुढं ती मर्यादा १२०० झाली, मग आणखी वाढत गेली. या सवलतीला ई.बी.सी. म्हणत, आणि हा शब्द आमच्याकडे निरक्षर बायांच्याही तोंडी होता. "पोराची इबीसी झाली का?" असं विहिरीवर विचारायच्या. त्याआधी, १९४४पासून, अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती होती. या दोन गोष्टी नसत्या तर तालुक्याच्या गावी कला शाखेचे वर्ग भरलेच नसते, असं माझं ठाम मत आहे. ई.बी.सी.साठी तलाठ्याकडून तहसीलपर्यंत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी फिरावं लागे. बाबांनी तीन वर्षं ते केलं. एकदा साहेब दौऱ्यावर गेले म्हणून तीन खेपा पडल्या, त्या तिन्ही खेपांचं एसटीभाडं वहीत आहे.

मग समाजशास्त्रच का? मला त्या वयात समाजाचा अभ्यास करायचा होता असं सांगितलं तर ते खोटं होईल. मुली मराठी साहित्य, समाजशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र घेत. मुलं इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राकडे जात. कॉलेजच्या बाजूनंही हा विषय सोयीचा होता. प्रयोगशाळा नको, उपकरणं नकोत. एक प्राध्यापक, एक फळा आणि मराठीतलं पुस्तक, एवढ्यावर वर्ग चालतो. नागपूरच्या प्रकाशकांनी तोवर समाजशास्त्राची मराठी पुस्तकं बाजारात आणली होती. पिवळट कागद, बारीक टाइप, मागच्या पानांवर मागच्या परीक्षांचे प्रश्न. त्या पुस्तकांच्या भरवशावर विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या किती मुली पदवीधर झाल्या असतील! त्या पुस्तकांना कुणी मोठं म्हणत नाही, मी म्हणते.

हा विषय आपल्याकडे आला तो मात्र फार वरच्या दारानं. मुंबई विद्यापीठात १९१९ला समाजशास्त्राचा विभाग निघाला, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. १९२४पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो सांभाळला आणि देशभरच्या विद्यापीठांना अध्यापक पुरवले. त्याच्याही आधी श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन जातिसंस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहून बसले होते, १९०९ साली, आणि १९११ला डॉक्टरेट मिळवून पुढं परतले. केतकरांचं शालेय शिक्षण अमरावतीचं, म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं. परत आल्यावर त्या पदवीनं त्यांना काय दिलं? स्थिर नोकरी दिली नाही. त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, त्यासाठी भागभांडवल गोळा करत आणि वर्गणीदार जोडत गावोगाव हिंडले, आणि आयुष्याची अखेरची वर्षं पैशाच्या ओढाताणीत काढून १९३७ला पुण्यात गेले.

इरावती कर्वे यांचंही तसंच. घुर्ये यांच्याकडे एम.ए., बर्लिनची डॉक्टरेट, आणि पहिली नोकरी कसली? महिला विद्यापीठात कुलसचिवाची. १९३१ ते १९३६. आपल्या विषयाची जागा त्यांना १९३९ला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिळाली. एवढ्या मोठ्या बाईला आठ-नऊ वर्षं वाट पाहावी लागली, हे मी एम.ए.च्या वेळी वाचलं तेव्हा मला खूप धीर आला होता.

आणि खर्चाचा विचार निघाला की मला बाबासाहेबांचे साडेअकरा पौंड आठवतात. १९१३ला सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार होता. त्या शिष्यवृत्तीवर ते अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रही शिकले. ९ मे १९१६ला त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध तिथल्या परिसंवादात वाचला. करारानुसार ते बडोद्याला गेले, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा कुणी दिली नाही आणि ते परतले. बडोदा दरबारच्या खतावणीत ती रक्कम बुडाली असंच दिसलं असेल. त्या पैशातून देशाला काय मिळालं ते मी सांगायची गरज नाही.

आता कमाई. तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्राचे पदव्युत्तर झालेले प्राध्यापक यायचे ते साठ-सत्तरच्या दशकात. ती पिढी सुदैवी होती. कॉलेजं नवी निघत होती, माणसं मिळत नव्हती. १ जानेवारी १९७३पासून अधिव्याख्यात्याला ७०० ते १६०० अशी वेतनश्रेणी लागू झाली आणि अनुदानामुळे पगाराची हमी सरकारची झाली. १ जानेवारी १९८६पासून ती २२०० ते ४००० झाली. माझ्या बाबांच्या मापानं मोजा: मूळ पगारच चार क्विंटल कापूस, दर महिन्याला. आमचं दोन एकरांचं पीक एका महिन्यात. २०२४-२५ला सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० मूळ पगारावर होत होती आणि त्या वर्षीचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. भागून पाहा, साडेसात क्विंटलहून जास्त येतं. शेतकऱ्याच्या क्विंटलाशी ताडलं तर पक्क्या नोकरीची किंमत या काळात जवळपास दुप्पट झाली. घरं-शेतं विकून लोक पोरांना त्या एका जागेमागं का लावतात, याचं उत्तर मला याच भागाकारात सापडलं.

ती जागा मलाही हवी होती. बी.ए.नंतर मी एम.ए. प्रायव्हेट केलं, म्हणजे घरी बसून. पुस्तकं मिळवायची, नोट्स उतरवून घ्यायच्या आणि परीक्षेला तेवढं केंद्रावर जायचं. १९९०ला पास झाले. दुसऱ्या वर्षी एका संस्थेत मुलाखतीला गेले. प्रश्न दोनच विचारले. तिसरा प्रश्न बाबांना बाहेर बोलावून विचारला, तो रकमेचा होता. बाबा परतीच्या गाडीत काही बोलले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, "वावर इकलं तरी पुरत नाही." त्या दिवसाची वहीत नोंद नाही, भाड्याचीसुद्धा नाही.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले आणि अधिव्याख्याता व्हायला नेट ही पात्रता परीक्षा बंधनकारक झाली. पुढं १९९५ला राज्याची सेट सुरू झाली. नियम योग्यच होता, गुणवत्तेसाठी होता. पण इंग्रजी पुस्तकं न पाहिलेल्या, प्रायव्हेट एम.ए. केलेल्या आमच्यासारख्यांच्या तोंडावर दार बंद झालं तेही खरं. नंतर नेट-सेट झालेलीही मुलं ताटकळली. तासिका तत्त्व आलं. तास घ्याल तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, सत्र संपलं की नेमणूक संपली. समाजशास्त्रात पीएच.डी. झालेला एक मुलगा मला ठाऊक आहे, जो जूनपर्यंत शेतात राबतो आणि जुलैपासून कॉलेजात शिकवतो. वर्गात तो ग्रामीण समाजरचना शिकवतो.

माझं नशीब उघडलं ते एका जाहिरातीतल्या ओळीनं. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारनं देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा सुरू केली. अंगणवाडी सेविकेला तेव्हा महिन्याला १०० रुपये मानधन होतं, मॅट्रिक असेल तर १५०. योजना तालुक्यातालुक्यांत पसरत गेली तशा सेविकांवर देखरेख करणाऱ्या पदवीधर बायका लागल्या. जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत पात्रतेत पदवीधर स्त्री असं म्हणून पुढं विषय दिले होते: गृहविज्ञान, पोषण, बालविकास, आणि त्यात समाजशास्त्र. पदवीत समाजशास्त्र असल्याचा कुठं कुणाला उपयोग झालेला मी तोवर पाहिला नव्हता. ती ओळ मी बोट ठेवून तीनदा वाचली. १९९५ला नेमणूक झाली.

ती ओळ कुणी लिहिली मला माहीत नाही, पण माझ्या तीन वर्षांच्या एकेका एकराच्या कापसाची किंमत त्या ओळीनं वसूल झाली. माझ्याबरोबर समाजशास्त्र घेतलेल्या मुलींपैकी एक ग्रामसेविका झाली, दोघी बी.एड. करून शिक्षिका झाल्या, बाकीच्यांची लग्नं झाली आणि पदवी ट्रंकेत गेली. अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार असलेल्या दोघी त्या बाकीच्यांत आहेत. म्हणून मी भाचीला सांगितलं की या पदवीला कधी दाम मिळाले आणि कधी नाही, ते त्या त्या वेळच्या सरकारी निर्णयांनी ठरवलं. १९५९ला फी माफ झाली म्हणून वर्ग भरले. १९७३ला श्रेणी आली म्हणून प्राध्यापकी सोन्याची झाली. ९१ला नेट आली आणि आमची पिढी दाराबाहेर राहिली. पंचाहत्तरच्या एका योजनेनं वीस वर्षांनी मला पोट दिलं.

पण पगार हीच सगळी कमाई होती का, या प्रश्नावर मी भाचीपुढं बराच वेळ थांबले.

१९८६च्या मार्चमध्ये मी तृतीय वर्षाला होते. परीक्षा तोंडावर होती आणि आम्ही एमिल दुर्खीमचा आत्महत्येवरचा १८९७चा ग्रंथ, म्हणजे त्याचा मराठी सारांश, पाठ करत होतो. आमच्या नोट्समध्ये त्याचं नाव डरखाईम होतं. आत्महत्या ही एकट्या माणसाची गोष्ट वाटते, पण तिच्यामागं समाज असतो. माणसाला बांधून ठेवणारे धागे सुटले किंवा जगण्याचे नियम एकाएकी मोडले की त्या वाढतात, असं त्याचं म्हणणं. त्या मोडण्याला पुस्तकात प्रमाणकशून्यता असा शब्द होता. तो उच्चारायलाच आम्हाला दोन दिवस लागले. आणि त्याच आठवड्यात बातमी आली. चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती आणि चार मुलं १९ मार्चला पवनारजवळच्या दत्तपूरला जाऊन संपली. चिलगव्हाण आज महागाव तालुक्यात आहे, आमच्या शेजारचं. लोक सांगत की करपे गाणारा माणूस होता, गावचा सरपंच राहिलेला, चाळीस एकरांचा धनी. शेती तोट्यात गेली आणि विजेचं बिल थकलं. बसमध्ये, पारावर, सगळीकडे तोच विषय. वर्गात मात्र कुणी डरखाईम आणि चिलगव्हाण एकत्र केले नाहीत. सरांनी नाही, आम्हीही नाही. पेपरात प्रश्न आला, मी उत्तरात फ्रान्सचं लिहिलं, आणि चांगले गुण मिळवले. याची मला आजही बोच आहे.

वीस वर्षांनी ते उत्तर मला पुन्हा लिहावं लागलं. २००५-०६ला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल आला, मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा आला. २००६च्या जून-जुलैच्या सांध्यावर पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि यवतमाळ धरून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच वर्षी सरकारनं या सहा जिल्ह्यांतल्या १७ लाखांहून जास्त शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. आमच्या भागात पाहण्यांचा सुकाळ झाला. संस्था आल्या, विद्यापीठं आली, परदेशी लोक आले. प्रत्येकाला फॉर्म भरून देणारी माणसं हवी होती. एम.ए. समाजशास्त्र झालेल्या इथल्या रिकाम्या पोरांना फॉर्ममागं पैसे मिळू लागले. निम्मे पेट्रोलात जायचे, पण त्यांच्या पदवीला पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं होतं. कोणत्या दुःखामुळे आलं हे त्यांनाही कळत होतं, आणि ती पोरं त्यामुळे खालमानेनं वावरायची.

त्या काळातल्या एका घरात मी गेले होते. गाव सांगत नाही. माणूस जाऊन दोन महिने झालेले. ओसरीवर सासरा, दारात सासू, आत अंधारात सून तुरीची डाळ निवडत बसलेली. माझ्याबरोबरच्या माणसाच्या हातात फॉर्म होता. "कर्ज किती?" सासरा म्हणाला, "सोसायटीचं पंचवीस हजार." "दुसरं?" "नाही." "घरात लग्नाची मुलगी?" "नाही." फॉर्म दहा मिनिटांत झाला. माझ्याकडे वजनकाटा होता, त्यांच्या दीड वर्षाच्या मुलाचं वजन घ्यायचं होतं. मी आत गेले, काटा वाशाला अडकवला, मुलाला झोळीत घातलं. काटा हलायचा थांबेपर्यंत वेळ लागतो. त्या वेळात ती सुपाकडे बघत बोलू लागली. मंगळसूत्र सोडून सगळं गहाण होतं. भावाकडून आणलेले पैसे होते, बी-खतवाल्याचे होते. नणंदेची सोयरीक दोनदा मोडली होती. शेत सासऱ्याच्या नावावर होतं, नवऱ्याच्या नावावर नव्हतंच. म्हणजे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला मिळणाऱ्या एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी तो कागदावर शेतकरी ठरणार की नाही, हाच प्रश्न होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. ओसरीवरून विचारलं म्हणून ते फॉर्ममध्ये आलं नाही.

सामाजिक संशोधन पद्धती या पेपरात मुलाखत कशी घ्यावी यावर एक प्रकरण असतं. कुणासमोर विचारलं, कुठं बसून विचारलं, विचारणारा कोण, यावर उत्तर बदलतं, असं त्यात लिहिलेलं असतं. मी ते पाठ केलं होतं. पण ते प्रकरण वाचलेलं नसतं तर त्या दिवशी दहा मिनिटांचा फॉर्म घेऊन मीही परतले असते. नंतर त्या बाईचे कागद नीट करायला मी सहा-सात खेपा घातल्या. अठ्ठावीस वर्षांत अशी घरं पुष्कळ झाली. कुपोषित मुलाचं वजन घरात कोण आधी जेवतं यावरून समजतं, तांड्यावरची बाई लसीला का येत नाही हे तिच्या सासूच्या शेजारी बसल्याशिवाय समजत नाही. या कामाला मी पदवीची कमाई म्हणते. पगारपत्रकात तिला रकाना नव्हता.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ला 'गावगाडा' लिहिला, तेव्हा समाजशास्त्राची पदवी देशात कुठंच नव्हती. ते महसूल खात्यातले अधिकारी होते, गावोगाव मुक्काम करणारे. मला ते पुस्तक मुख्यसेविका झाल्यावर मिळालं आणि मी रात्र रात्र जागून वाचलं. नोकरीच्या दौऱ्यात डोळे उघडे ठेवले तर काय होऊ शकतं, हे त्यातून कळलं. पदवीनं ते डोळे लवकर उघडतात, एवढंच मी म्हणेन. आणि लवकर उघडणं बाईमाणसाला फार गरजेचं असतं.

भाचीच्या मनात स्पर्धा परीक्षा आहे. तिचंही बरोबर आहे. केंद्राच्या परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतला तर त्याला ५०० गुण आहेत. राज्यसेवेत २०१२पासून वैकल्पिक विषयच गेले होते, तेव्हा पुण्यात खोल्या करून राहणाऱ्या पोरांनी समाजशास्त्राची पुस्तकं रद्दीत घातली. २०२५च्या परीक्षेपासून वर्णनात्मक पेपर आणि वैकल्पिक विषय परत आले आणि पुस्तकांना पुन्हा मागणी आली. पुन्हा एक सरकारी निर्णय. मी तिला म्हटलं, याच्या भरवशावर घेऊ नको, हा तुझी पदवी होईपर्यंत बदलूही शकतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांचीही झाली आहे. चौथं वर्ष घेशील तर त्याचाही खर्च धर. पुण्यातल्या खोलीचं भाडं वेगळं धर. ती शहाणी आहे, तिनं मोबाइलवर सगळं मांडून ठेवलं होतं.

मग तिनं वही हातात घेतली आणि पानं चाळू लागली. १९८४च्या जूनचं पान आलं तेव्हा मी ते उलटायला हात पुढं केला, पण तिनं वाचलं होतं. माझी फी, उसने. त्याखाली: पास, एक. त्याखाली: धाकटीचं नाव काढलं.

धाकटी म्हणजे तिची आई. तेव्हा सातवी पास झाली होती. आठवीचा वर्ग गावात नव्हता, त्यासाठी ढाणकीला जावं लागे. दोन पास परवडत नव्हते. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला तो फार पुढं. तेव्हा तो असता तर ती शिकली असती. गाडगेबाबा कीर्तनातून सांगत की ताट मोडा, हातावर भाकर घ्या, पण लेकरांना शिकवा. आमच्या विद्यापीठाला पुढं त्यांचंच नाव दिलं गेलं. आमच्या घरात ताट मोडलं ते धाकटीचं. मी बी.ए.ला होते तेव्हा ती कापूस वेचत होती, आणि तो वेचलेला कापूसच वर्षाचे दोन क्विंटल म्हणून माझ्या नावावर जात होता. हे मी तिच्याशी चाळीस वर्षांत कधी बोलले नाही. नोकरी लागल्यावर मी तिच्या लेकराबाळांचं केलं, जमेल तेवढं केलं. पण बोलले नाही.

त्या संध्याकाळी धाकटी आली तेव्हा वही तशीच उघडी होती. तिनं चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि वही मिटून बाजूला सारली. तिच्या शेतात आता इसापूरच्या कालव्याचं पाणी येतं. कापूस तिनं कमी केला, हळद लावते. हळद माघ-फाल्गुनात खणायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून चमकवायची आणि बाजारात न्यायची. पैसा उन्हाळ्यात हातात येतो, पेरणीच्या आधी.

"घेऊ दे तिले जे घ्याचं ते," ती म्हणाली. "हळद चैतातच इकली. पैसे येगळे ठिवेल हायेत."

मग पदराची गाठ सोडत भाचीकडे वळून तिनं विचारलं, "कॉलेजचा पास कितीचा येते आता?"